मुहूर्त नसलेल्या दिवसांचा विनूभैया

विनूभैया गिटार हातात घेण्याआधी पंचांग बघायचा. जॅझ वाजवणारा माणूस, आणि तिथ्या तोंडपाठ! लोक मुहूर्त शोधतात, हा बिनमुहूर्ताचे दिवस शोधायचा. कारण त्याच्या बँडमधले ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवणारे दोघंही गुढियारी मोहल्ल्यातल्या वरातीच्या बँडमधले. लग्नसराई लागली की ते नवरदेवापुढे. चातुर्मासात लग्नं थांबली तरी श्रावणातल्या कावडी, गणपती, देवी, दिवाळी, मिरवणुका होत्याच. मधला पितृपक्ष तेवढा मोकळा. "शहराले सुतक, आपल्याले दिवाळी," म्हणत तो तालमी लावायचा.

रायपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांचं संगीत त्याचंच. तालमीत तो विंगेत बसून आमच्या पायांकडे बघत सूर जुळवायचा. एका प्रयोगात मी वाक्यच विसरले. हा बाबा शांतपणे तोच सूर लांबवत राहिला, मला आठवेपर्यंत. प्रेक्षकांना वाटलं, बाईचा कंठ दाटला. अभिनयाचं बक्षीस मिळालं मला! "रडलो मी, बक्षीस तुले," असं पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं मेल्यानं.

पण एकदा चहा पिताना म्हणाला, "जन्मभर तुमच्या बोलण्याखाली वाजवून राहिलो. एक डाव नुसतं वाजवाचं आहे वं. मधात कोणी बोलणार नाही." मग स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम ठरला. अर्थात पितृपक्षात.

झालं! समता कॉलनीतल्या अक्कांनी, त्याच्या मोठ्या बहिणीनं, डोक्याला हात लावला. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलेलं. "पितरांच्या दिवसांत नव्या कामाचा नारळ फोडते का कोणी? दसरा होऊ दे." मंडळानंही हॉल नाकारला. दसऱ्यानंतर वाजवणारे कुठून आणायचे, हे कोणी विचारलं नाही. मी भांडायला निघाले, तर यानंच अडवलं. "जाऊ दे ना. अक्काचं मन मोडून सूर लागत नाही मले. पुढच्या वर्षी करू." पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. इतका कसला गरीब स्वभाव! अजून राग येतो मला त्याचा.

ऐन लग्नसराईत, सकाळी दाढी करताना तो गेला. हार्ट अटॅक. क्लॅरिनेटवाला भनपुरीच्या वरातीतून तसाच आला, लाल कोटात.

पुढच्या पितृपक्षात मंडळानं आपणहून हॉल दिला. श्रद्धांजलीच ती, आता कसली हरकत? हॉल गच्च भरला. सुरू होण्याआधी क्लॅरिनेटवाल्यानं मला विचारलं, "दीदी, भइया के हिस्सा ल कोन बजाही?" भैयाच्या वाट्याचं कोण वाजवणार होतं? त्या जागा त्यांनी तशाच मोकळ्या सोडल्या, आणि बाकीचं असं वाजवलं की जीव तुटत होता.

अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. संपल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांना सुनावायला वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात त्या रडत म्हणाल्या, "इतकं चांगलं होतं, तं मले आधी काहून नाही ऐकवलं गं त्यानं?"