गणपतीच्या शाळेतला कॉम्प्रेसर

रत्नागिरीच्या आमच्या घरात पुढची पडवी सासऱ्यांची होती. तिथे त्यांची गणपतीची शाळा चालायची, म्हणजे मूर्ती घडवायचा घरगुती कारखाना. बाहेरच्या लोकांना हे नीट सांगावं लागतं. आमच्याकडे मूर्ती दुकानातून निवडून आणत नाहीत. आषाढ लागला की प्रत्येक घर आपापला लाकडी पाट शाळेत आणून ठेवतं. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी जाते. एकदा पाट ज्या शाळेत गेला, तिथेच तो बापामागून मुलगा नेतो. शाळेने पाट परत करणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून वळवणं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका वर्षी पाट नेहमीसारखे भिंतीला येऊन लागले, आणि सासऱ्यांचा उजवा खांदा धरला. मनगट, बोटं शाबूत होती. त्यामुळे भुवया, गंध, डोळ्यांची आखणी ही बारीक कामं व्हायची. पण मूर्तीच्या अंगाला मोठ्या ब्रशने रंगाचे हात मारायचे तर हात वर जाईना. एक मूर्ती झाली की ते खांदा दाबत बसून राहायचे.

"निम्मे पाट परत करू या," असं ते एका संध्याकाळी म्हणाले आणि पानावरून तसेच उठले. त्या दिवशी ताज्या सौंदाळ्या माशाचं कालवण होतं. ते टाकून उठणारा हा माणूस नव्हे.

मी तेव्हा सकाळच्या शाळेत गणित शिकवायची आणि दुपारी मोकळी असायची. अंगाचा रंग फवाऱ्याने मारता येतो हे मला ठाऊक होतं. मोटारींना मारतात तोच प्रकार. सासऱ्यांना घरात सगळे भाऊच म्हणायचे. मी म्हटलं, "भाऊ, अंगाचा रंग मी मारते मशीनने. तुम्ही फक्त डोळे काढा."

त्यांनी थोडा विचार केला. "मशीन आण. पण त्याचा आवाज मला पडवीत नको. डोळा काढताना मी श्वास धरतो. गिरणीत बसून डोळे निघत नाहीत."

हा हट्ट नव्हता. बुबुळाची कड एका दमात ओढायची असते. मध्येच दचकलं की मूर्ती तिरळी दिसते. आणि मी एका वेळी, त्यांनी दुसऱ्या वेळी काम करावं म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. श्रावणातल्या ओल्या हवेत रंग सावकाश वाळतो, त्यामुळे शेवटच्या दिवसांत सगळी कामं बरोबरच चालतात. दोघांनाही दुपारचाच उजेड हवा होता. म्हणजे कॉम्प्रेसर हवा, आणि तो गप्प बसणारा हवा.

एका शनिवारी दुपारी नवरा मला स्कूटरवरून मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत घेऊन गेला. तिथल्या एका वर्कशॉपच्या मालकाकडे पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर होता.

"वहिनी, हा म्हणजे मांजर," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

नवऱ्याने कान जवळ नेला आणि मान डोलावली. मीही डोलावली. खरंच फारसा आवाज वाटला नाही. शेजारी लेथ चालू होता, पलीकडे एक जण पत्रा ठोकत होता, आणि आम्ही ओरडून एकमेकांना सांगत होतो की आवाज कमी आहे.

"चार दिवस वापरून बघा, नाही पटलं तर आणून टाका," असं मालक म्हणाला. टेम्पोतून ते धूड घरी आलं.

पडवीत बटण दाबलं, आणि भिंतीला लावलेले पाट थंडीने दात वाजावेत तसे एकमेकांवर वाजायला लागले. कौलांखालची धूळ ओल्या शाडूवर पडली. गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं.

"काय गो, गिरण टाकलीत काय? दळण आणू?"

"आणा. भाजणी मात्र नीट भाजून आणा," मी म्हटलं.

सासऱ्यांनी ब्रश पाण्यात ठेवला आणि ते विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. आम्ही मशीन मागच्या रिकाम्या गोठ्यात नेलं आणि लांब नळी ओढून घेतली. मग मी विचारायला गेले. ते पडवीत परत बसून बघत होते.

"आता कसं आहे, भाऊ?"

"बरं आहे. मघाशी कानात होतं, आता बुडाखाली आहे."

मी जमिनीला हात लावला. गोठा आणि घर एकाच चिरेबंदी जोत्यावर होते. थरथर चिऱ्यांतून सरळ त्यांच्या पाटापर्यंत येत होती. दुसऱ्या दिवशी टेम्पो परत बोलावला. मिरजोळ्याच्या मालकाने आम्हाला बघितलं आणि विचारलं, "काय झालं, मांजर बोललं?"

चतुर्थी जवळ येत होती. सासऱ्यांनी उरलेले रिकामे पाट निवडायला सुरुवात केली होती. कोणाचे ठेवायचे, कोणाचे द्यायचे. एक उचलायचे, मागचं खडूने लिहिलेलं नाव वाचायचे आणि परत होता तिथेच ठेवायचे. अर्ध्या तासात एकही पाट बाजूला निघाला नाही.

खांद्याचं मलम आणायला मी बाजारातल्या औषधाच्या दुकानात गेले होते. गर्दी होती. मी एका कोपऱ्यात टेकून उभी राहिले. एकाएकी पाठीला काहीतरी बदललं असं वाटलं. वळून बघितलं तर मी फ्रीजला टेकले होते आणि तो नुकताच बंद झाला होता. चालू होता हे मला बंद झाल्यावर कळलं.

मलम घेतलं आणि तशीच फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याला म्हटलं, जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर द्या, मला त्यातून हवा काढायची आहे.

"बाई, लोक त्यातून थंडी काढतात," तो म्हणाला. पण माणूस खटपट्या होता, त्याला गंमत वाटली. भंगारातला एक काळा गोल कॉम्प्रेसर त्याने चालवून दाखवला. या वेळी मी शहाणी झाले होते. दुकानातला पंखा बंद करायला लावला, रेडिओ बंद करायला लावला, आणि मगच ऐकलं. डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज, तोही वाकलं तरच. हवा साठवायला त्याने ट्रकच्या ब्रेकची जुनी टाकी जोडली. दाब वाढला तर आपोआप सुटेल अशी झडप आणि दाबाचा काटा लावला.

घरी सासऱ्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली. "ही कुठल्या ट्रकची?"

"मासळीच्या," नवरा बोलून गेला.

"मासळीच्या ट्रकची टाकी गणपतीला?"

"हवेची टाकी आहे, भाऊ, माशांची नव्हे. आंब्याच्या ट्रकची समजा," मी म्हटलं.

"समजू कशाला? धू."

मी रिठ्याच्या पाण्याने धुतली. आतून नव्हे, बाहेरून. त्यांचं तेवढ्यावर समाधान झालं.

पहिला फवारा मी एका जुन्या कौलावर मारला आणि बरं झालं मूर्तीवर नाही मारला. रंगात तेलाचे ठिपके उठले. फ्रीजच्या कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं, ते हवेबरोबर येतं. शिवाय आमच्या हवेतलं पाणी टाकीत साचून मध्येच पिचकारी मारत होतं. टाकीच्या बुडाला तोटी बसवून घेतली, नळीच्या वाटेत कापूस भरलेली एक जाड बाटली जोडली, आणि कौल स्वच्छ निघेपर्यंत कौलंच रंगवत बसले. परसात गुलाबी कौलांची ओळ लागली. काकूंनी विचारलं, "घर शाकारताय काय गो त्यांनी?"

यंत्राखाली काथ्याचं जाड पायपुसणं घातलं. एका मूर्तीचं अंग रंगवून झालं की टाकी रिकामी व्हायची आणि ती भरेपर्यंत थांबावं लागायचं. घाईच्या माणसाचं ते यंत्र नव्हतं. त्या वेळात मी पुढच्या मूर्तीवरची धूळ पुसायची.

सगळ्यात मोठ्या मूर्तीचे डोळे त्यांनी मुद्दाम मागे ठेवले होते. त्या दुपारी ते पडवीत बसले, मी पदर नाकाला बांधून बाजूच्या खोलीत, मध्ये उघडं दार. मशीन दाराशीच टाकी भरत होतं. ते चालू आहे हे त्यांना सांगावं की नाही अशा विचारात मी होते, तेवढ्यात वीज गेली.

ब्रश हवेत धरून त्यांनी मान वळवली. "काय गो, काय बंद पडलं?"

"मशीन."

"चालू होतं?"

"मघापासून."

त्यांनी मूर्तीकडे बघितलं. एक डोळा पुरा झाला होता, सरळ आणि शांत. "मग लाव ना परत," ते म्हणाले.

"वीज गेलीय, भाऊ."

"हात्तिच्या," असं म्हणून ते दुसऱ्या डोळ्याकडे वळले.

त्या वर्षी एकही पाट परत गेला नाही. चतुर्थीच्या सकाळी लोक आले, आपापला गणपती डोक्यावर घेऊन शेताच्या बांधावरून गेले, आणि पडवीची भिंत रिकामी झाली. सासरे बोटं चालत होती तोवर दरवर्षी डोळे काढत राहिले. खांदा पुन्हा कधी वर गेला नाही, त्याची गरजही पडली नाही.

आता पडवीत गाडी उभी असते. स्वयंपाकघरातला फ्रीज दिवसभर आपला चालतो, बंद होतो. बंद झाला की हातातली भाजी तशीच धरून मी थोडा वेळ थांबते. पडवीतून कोणी काही विचारत नाही. मग मी भाजी चिरायला घेते.