धुळवडीच्या गावी खरं बोलताना

भोसरीहून चाकणची एस.टी. पकडली तेव्हा गाडीत इतकी गर्दी, की माझा एक पाय चाकणला पोचला तरी दुसरा भोसरीतच राहिला होता. धुळवडीची सुटी. वर्कशॉपातला माझा दोस्त दत्तू मला आपल्या सासुरवाडीला घेऊन निघाला होता. त्या गावात धुळवडीला कुणी खरं बोलत नाही, तुझ्यासारख्या थापाड्याला माहेरी आल्यागत वाटेल, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

चाकणला उतरून कांदाभजी खाल्ली. एकेक भजं नारळाएवढं. तळता तळता भजीवाला म्हणाला, की पुढच्या उसात वाघरू (बिबट्या) शिरलंय, सकाळीच शेळी नेली. आम्ही दोघंही हसलो. पायवाटेला लागल्यावर मात्र दोघंही भराभर चालू लागलो.

कांद्याचे वाफे संपले आणि दोन्ही अंगांनी ऊस आला. आत काहीतरी सळसळलं. ते कुत्रं होतं हे मागाहून कळलं. त्या क्षणी मला मिशा दिसल्या, शपथेवर सांगतो. दत्तू वाट सोडून पळाला आणि बिनकठड्याच्या विहिरीत पडला. वाकून पाहिलं तर पाण्यात गळ्यापर्यंत, एका हातात उंबराची मुळी. त्याला पोहता येत नव्हतं. मलाही नाही.

गावापर्यंत कसा धावलो, आठवत नाही. पारावर सगळे रंगलेले. दत्तू विहिरीत पडलाय म्हणालो, तर अख्खा पार हसून लोळला. जावयानं पावणा तयारीचा आणलाय, असं त्याचे सासरेच म्हणाले. मी रडू लागलो, तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जन्मभर मारलेल्या साऱ्या थापा पचल्या होत्या, आणि हे एक खरं कुणी घेईना. ती मुळी किती वेळ धरणार, एवढंच माझ्या डोक्यात.

शेवटी दत्तूची सासू उठली.

"बसलाय काय? पावण्यानं फसवलं की पुरतं फसायचं, रीत हाय आपली. दोर घ्या."

निघाले सगळे. हलगी वाजवत, नाचत, मला पुढं घालून. मी एकेकाचा हात धरून ओढत होतो, पण त्यांचा ठेका काही वाढेना.

काठाशी आलो तेव्हा आतून बारीक आवाज आला. "मामा..."

हलगी थांबली.

दत्तू वर आला तो निळ्या ओठांनी. सासऱ्यांना दोराची गाठ सुटेना. सासू माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आमी खोटंच समजून आलो रं, बाबा."

संध्याकाळच्या गाडीत दत्तू माझ्या खांद्यावर झोपला होता. मी मात्र जागाच. त्या पारावर एखादा शहाणा असता, ही थापच आहे म्हणून बसून राहणारा, आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकलं असतं, तर भोसरीला मी एकटाच उतरलो असतो.