वहिनींची स्वतःला धुणारी फरशी

भाऊजींनी फरश्यांना पाणी मारलं, आणि तेही अगदी मनापासून. पोस्टातून निवृत्त झालेले हे धाकटे दीर आठ दिवसांसाठी वहिनींकडे आले होते आणि रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सकाळी वहिनींच्या फरशीच्या कारखान्यात फळीवर बारा नव्या फरश्या कोरड्याठाक पडलेल्या दिसल्या. सिमेंट म्हटलं की पाणी, एवढं तर टपालवाल्यालाही कळतं. त्यांनी पाइप धरला आणि एकेकीला न्हाऊ घातलं.

वहिनी आल्या. त्यांनी फरश्यांकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, शेवटी दिराकडे.

"हे पुण्यकर्म कुणाचं?"

"सुकल्या होत्या बिचाऱ्या, म्हटलं जरा..."

"भाऊजी, या पाणी पीत नाहीत. वायू पितात."

पंचवीस वर्षं वहिनींनी भिंतीला लावायच्या साध्या फरश्या पाडल्या आणि पंचवीस वर्षं काळवंडलेल्या भिंतींची गाऱ्हाणी ऐकली. शेवटी त्यांनी नाद धरला. फरशीच्या वरच्या थरात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड. तिचे कण नॅनो, म्हणजे त्यांच्यापुढे पीठसुद्धा खडीसारखं. ऊन पडलं की हे कण डागाचा फडशा पाडतात. फरशी पक्की करायला पाण्याच्या हौदाऐवजी पोलादी टाकी आणि तिच्यात सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच कार्बन डायऑक्साइड. पण फरशीची छिद्रंच पाण्याने तुंबली तर वायू शिरणार कुठून? आणि उद्या दहाला शाळेचे इंजिनिअर येणार होते. धुराच्या रस्त्यावरची शाळेची दर्शनी भिंत वहिनींच्या फरश्यांची की दुसऱ्या कुणाच्या, ते उद्याच ठरायचं होतं.

चार पंखे जमवले. त्यातला एक शेजारच्या शिंप्याचा, तो घामाघूम होऊन दारात बघत उभा. भाऊजींची नेमणूक वजनकाट्यापाशी झाली. पाणी किती उडालं ते कळायला दर पंधरा मिनिटांनी फरशी तोलायची, आकडा सांगायचा. तातडीची तार वाचावी तसे ते आकडे वाचत राहिले. दीड वाजता वहिनींना हवं तेवढं वजन उतरलं. फरश्या टाकीत गेल्या, वायू सोडला, झडप बंद.

"आता?"

"आता दाबाचा काटा बघा. तो पडला तर त्या पितायत."

काटा ढिम्म. मग तो केसभर हलला. मग बोटभर. मग थांबेचना.

"वहिनी, पितायत. अहो, गटागटा पितायत," म्हणत पासष्टीचे भाऊजी टाकीभोवती दोन फेऱ्या मारून आले. वहिनींनी पुन्हा वायू भरला, काटा पुन्हा पडला. असं संध्याकाळपर्यंत पाचदा.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांनी फरशीवर हातोडी वाजवून पाहिली. मग एक साधी फरशी, एक वहिनींची, दोन्हींवर गर्द गुलाबी रंगाचा ठिपका टाकला, दोन्ही उन्हात ठेवल्या आणि ते निघून गेले. भाऊजींनी सहा तासांत ठिपक्यांना चाळीसदा भेट दिली. दुपारी एकाला वहिनींचा ठिपका फिका दिसला, पण तो खरा की आपल्या डोळ्यांचा दोष, या शंकेने त्यांनी चष्मा तीनदा पुसला.

चारला इंजिनिअर परत आले, वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. साध्या फरशीवर गुलाबी डोळा तसाच टक लावून. वहिनींच्या फरशीवर ठिपका कुठे होता, तेच त्यांना विचारावं लागलं.

"भिंत तुमची," ते म्हणाले.

भाऊजींनी चौथ्यांदा चष्मा पुसला. "वहिनी, मला तर रडूच येतंय. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"उद्या सहाला या, दोन हजार फरश्या पाडायच्यात."