ओटीवर विचारलेला प्रश्न

सन साठच्या पुढेमागची गोष्ट. मी महाडला हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. मुंबईच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी छापील कागदांचा गठ्ठा धाडला. डॉक्टरी, इंजिनियरिंग शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांचं इंग्रजी कुठे कमी पडतं, ते त्यांना विचारून लिहायचं. ज्याचं कमी पडतं त्याला जूनपासून जादा वर्ग. शिमग्याला झाडून सगळी पोरं घरी येतात, तेव्हा घरोघरी जाऊनच विचारू, असं मी ठरवलं. इथेच माती खाल्ली.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी. तिथला माझा जुना विद्यार्थी मुंबईत डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला होता. ओटीवर त्याचे वडील, चुलते, पालखीसाठी जमलेली भावकी. मी विचारलं, "व्याख्यानं समजतात का रे?"

त्याने तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "ह्यो झोपेत पन इंग्लिश बोलतो, मास्तर."

सगळे हसले. तोही हसला. "काही अडचण नाही, सर."

मला एस.टी.पर्यंत सोडायला तो खाली आला. ओढ्याशी पोचल्यावर म्हणाला, "सर, वर्गात मला काही म्हणजे काही कळत नाही. पुस्तक पाठ करतो, पण परीक्षेत काय विचारलंय तेच समजत नाही. तुम्ही मात्र लिहू नका. जादा वर्गाचं पत्र घरी आलं तर बाबांना भावकीत तोंड दाखवता येणार नाही."

लिहावं की लिहू नये? मला आजही ठरवता येत नाही. त्याला शब्द दिला म्हणून 'अडचण नाही' लिहिलं, असं मी स्वतःला सांगतो. पण उलट लिहिलं असतं तर माझंच पितळ उघडं पडलं असतं. इतकी वर्षं मी त्याच्याकडून फुलापाखरांच्या कविता घोकून घेतल्या, त्यात यकृत नि फुप्फुस कुठून येणार? की पोरगा निभावून नेईल असं मला खरंच वाटलं होतं? कोण जाणे.

पुढच्या शिमग्याआधीच तो नापास होऊन, कॉलेज सोडून घरी आला. त्याचे वडील महाडच्या बाजारात समोर आले. मला वाटलं, आता चारचौघांत माझी खरडपट्टी निघणार.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "तुमी विचारून गेलात तवा पोरगा चांगला होता. मग मदी काय झाला वो त्याला?"

"मुंबईचं पाणी मानवलं नसेल," मी म्हटलं.

त्यांना ते लगेच पटलं.