दामल्यांना पकडायचा मीटर

आयुष्यातला पहिला मल्टीमीटर मी गाडी दुरुस्त करायला नाही, तळमजल्यावरच्या दामल्यांना पकडायला विकत घेतला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीत तेव्हा बॅटरीवर चालणारी मोपेड लोक वाकवाकून बघायचे. नंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शाळेसाठी मी ती सेकंडहँड उचललेली. रात्री जेवणं झाली की आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून वायर सोडायची आणि दामल्यांच्या खिडकीसमोरून खाली गाडीला लावायची. आणि सकाळी? गाडी अर्ध्या रस्त्यात मान टाकायची! मग ही साडी सावरत, पेडल मारत शाळेत. बाई शिकवतात की सर्कशीत आहेत, पोरांना कळेना!

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन आहे," नंदाने बजावलं. "त्या दिवशी उशीर झाला तर गाडी भंगारात आणि मी माहेरी!"

"अगं, गाडी उत्तम आहे. रात्री कुणीतरी आपला करंट ओढतंय."

"कोण?"

मी बोटाने जमिनीकडे दाखवलं.

तडक ठाण्याच्या बाजारात मीटर घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "काट्याचा देऊ की आकड्यांचा?"

"चोर कशात सापडतो?"

"साहेब, दोन्हीत व्होल्टच सापडतात."

(टाळाटाळ! दामल्यांच्या ओळखीतला तर नसेल?)

"गाडीच्या बॅटरीसाठी आकड्यांचा बरा. वायर तुटलीय का ते कळायला आत बझर आहे. डायल डीसीवर ठेवायची, लाल टोक प्लसला..."

"माहितेय हो! सायन्सला होतो मी!"

मी त्याला तीन मीटर एकाच सेलला लावायला लावले. तिघांनी सारखाच आकडा दाखवला, तेव्हा तर माझा संशय दुप्पट झाला. संगनमत! शेवटी त्याने चौथा आतून आणला. तो मी घेतला.

दसऱ्याला सकाळी शस्त्रपूजा. पान्हा, पकड, हातोडी आणि नवा मीटर पाटावर मांडले. आमच्याकडे हत्यारांना तेलात कालवलेला शेंदूर लावतात. मीटर सगळा प्लास्टिकचा. शस्त्रासारखी दिसत होती ती फक्त दोन वायरींची टोकदार टोकं. त्यांना मी भक्तिभावाने शेंदराने माखून काढलं.

संध्याकाळी खाली जाऊन ती टोकं बॅटरीला टेकवली. शून्य! वायर तपासली, बझर मुका! म्हणजे करंटही नेला आणि वायरही तोडली!

"दामले! बाहेर या!"

दामले आले. हातात आपट्याची पानं, चेहऱ्यावर हसू. "सोनं घ्या, सबनीस!"

"सोनं राहू द्या, आधी माझा करंट परत करा!"

गॅलऱ्या भराभर भरल्या. दामल्यांचा हात पानांसकट तसाच हवेत. "मी? तुमचा करंट?"

"हा मीटर खोटं बोलतो का?"

नंदा धावत खाली आली. तिने टॉर्च पेटवला, मग त्यातला सेल काढून माझ्यापुढे धरला. "याला लावा बघू." शून्य! तिने मीटरचं टोक नखाने खरवडलं. "अहो, हा शेंदूर कुणी फासला?"

वर कुणीतरी खो खो हसलं. पदराने टोकं पुसून तिने स्वतःच बॅटरीला लावली. आकडा आला, पण अगदीच मरतुकडा.

"बघा! मरतुकडा का होईना, पुरावा आहे!" मी उसळलो. "रात्री चार्जिंगला लावलेली गाडी रिकामी होतेच कशी?"

"थांबा," नंदा म्हणाली. "आपण झोपल्यावर गॅलरीतलं बटण चालू असतं ना?"

"चालू? वेडी आहेस का? झोपायच्या आधी मी रोज स्वतः बंद करतो! नाहीतर हे दामले रात्रभर..."

पुढचं वाक्य मी गिळलं, पण उशीर झालेला. सगळी बिल्डिंग खिदळत होती. नंदा मात्र हसत नव्हती. "उद्या इन्स्पेक्शन आहे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आणि यांना काही रात्रभर बटण चालू ठेवून झोप यायची नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दामल्यांनी आपट्याचं पान तिच्या हातात ठेवलं, स्वतःच्या खिडकीतून एक वायर बाहेर काढली आणि गाडीला लावली. "वहिनी, निश्चिंत झोपा. आमच्याकडे बटणं बंद करत नाहीत."

सकाळी नंदा इन्स्पेक्टरच्याही आधी शाळेत हजर! आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी शेजाऱ्याचा करंट ओढतंय, हा माझा संशय अखेर शंभर टक्के खरा ठरला!