पेशकारांची घागर

आमचे पेशकारसाहेब, म्हणजे आमचे वरचे अधिकारी, भित्रे होते. दार वाजलं की आधी दचकायचे, मग "कोण हाय?" म्हणून तीनदा विचारायचे. रझाकारांच्या दिवसांत बसलेली धास्ती विलीनीकरणानंतरही अंगातून गेली नव्हती. नळदुर्गच्या कचेरीतले आम्ही तरणे कारकून त्यांना हसायचो. आज त्याची लाज वाटते.

माणूस एकटा. घरात एक काचेची पेटी आणि तिच्यात हैदराबादेहून आणलेले चार सोनेरी मासे. "हे बरे, कुणावर ओरडत न्हाईत," म्हणायचे. उस्मानाबादला बदलीचा हुकूम आला तेव्हा सामानाची त्यांना फिकीर नव्हती. मासे जिवंत कसे न्यायचे, एवढाच घोर.

आदल्या दिवशी त्यांनी माशांना उपाशी ठेवलं. तांब्यापितळेचा भरवसा नव्हता म्हणून मातीची घागर घेतली. पेटीतलंच जुनं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं. "जास्त हलवायचं न्हाय, तापू द्यायचं न्हाय. दगावतात," हे इतक्यांदा बजावलं की मलाच धडकी भरली. पोचवायला मी सोबत निघालो. सर्व्हिसच्या मोटारीत रिकामी पेटी माझ्या मांडीवर, घागर त्यांच्या.

भर उन्हाळा. तुळजापूरच्या अलीकडं शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "दादा, घोटभर पाणी द्या की नातीला." पोर गळून गेली होती. साहेबांनी घागर आणखी घट्ट धरली. मागचा एक धिप्पाड गडी उठला. "पाणी न्हाय म्हनतोस? इटाळ व्हतो व्हय आमचा?"

मोटारीतले सगळे आमच्याकडं बघू लागले. आता मार बसणार, घागर फुटणार, हेच डोळ्यांपुढं.

साहेबांनी फडकं सोडलं. "बघा माय," आवाज कापत होता, "आत जीव हायेत. ह्ये पाणी पिण्याजोगं न्हाय. मोटार थांबवा, म्या आणतो." घागर त्यांनी त्या गड्याच्याच हातात दिली, माझा रिकामा तांब्या घेतला आणि उन्हात लांबच्या विहिरीकडं पळत सुटले.

मोटार उभ्याउभ्या तापली. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. गडी श्वास रोखून बसला होता. "साहेब येईनात की वो," तो पुटपुटला. साहेब आले, पोर घटाघटा पाणी प्याली, साहेबांनी फडकं पुन्हा बांधलं, मोटार निघाली. तुळजापुरात म्हातारी आणि नात उतरल्या.

उस्मानाबादेत फडकं सोडायला साहेबांचे हात धजेनात. मी सोडलं. तीन मासे फिरत होते. चौथा आडवा तरंगत होता.

साहेबांनी तो मासा ओंजळीत घेतला. मग म्हणाले, "ती पोरगी उतरली तवा चालत गेली न्हवं?"

"व्हय साहेब, चालत गेली."

त्यांनी मान हलवली, आणि मग मात्र माझ्यादेखत रडले.