काजळाची तीट

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी मी आधी शेजारच्या सुमनच्या मुलाचा काटा बघते, मग माझ्या लेकीचा. दोघं एकाच महिन्यात जन्मलेली. त्याचा काटा पुढे सरकला की माझ्या पोटात दुखतं. सुमन ते ओळखते. त्याला झोळीतून उतरवलं की पदराखाली घेते आणि गालावरची काजळाची तीट ठळक करते. माझ्या लेकीला मी कधी तीट लावलीच नाही. तिच्या काटकुळ्या हातापायांना दृष्ट लावणार कोण? लेकराच्या अंगावर मूठभर मांस असणं हीच आमच्या वस्तीतली श्रीमंती, त्यामुळे हेवाही तिचाच.

आज काटा बघून अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "पोर भरली की गं तुझी."

रांगेतली एक बाई लेकीकडे टक लावून बघत होती. मी सुमनकडे काजळाची डबी मागितली.